सड्यावर माती पडायच्या आधी

जांबोटी, ता. खानापूर
श्रावण

प्रिय बाळ्या,

गणपतीला येतोस की नाही ते आधी कळव, बाकीचं सावकाश वाच. आईचे गुडघे आहेत तसेच, माझं बीपी गोळीवर चाललंय, पाऊस भरपूर. झालं.

अण्णा सड्यावर माती टाकणार आहे. वरचा, आपला सडा, तो कातळाचा सपाट माळ. दिवाळी झाली की ट्रॉल्यांनी तांबडी माती आणायची, पसरायची आणि काजू लावायचा. उताऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून सही पाहिजे त्याला. परवा जेवताना म्हणाला, "कातळ तो, तिथं काय उगवतंय?" मी बोलायला लागलो आणि आवाज चढला. वहिनी आमटी वाढत राहिली. तिथंच विषय थांबला, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

काय उगवतंय ते आत्ता येऊन बघ की. सीतेची आसवं जांभळी पसरलीत, मधूनमधून पांढरे गेंद, कडेला तेरडा. माती जेमतेम बोटभर, चार महिने पाण्याखाली, आणि मार्चपासून नुसता तवा. तिथं नत्र मिळत नाही, म्हणून सीतेची आसवं मातीतल्या इवल्या फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. असल्या जागी जगायला शिकलेल्यांना चांगल्या जमिनीत कोण विचारतो? उंच गवत त्यांना सावलीत घालून संपवतं.

मी अजूनही म्हणतो की सडा हे बेट आहे, भोवती समुद्राऐवजी रान. आर.पी.डी. कॉलेजच्या कट्ट्यावर यावरून आपण किती भांडलो! तुझं एकच पालुपद, बेटावर पोचतो तो बळकट. डार्विननं 87 जातींच्या बिया खाऱ्या पाण्यात ठेवल्या आणि 28 दिवसांनंतरही त्यांतल्या 64 रुजल्या, हे वाचून तू आमच्या आईच्या लोणच्याच्या बरणीत मिरचीचं बी भिजत घातलंस. आई अजून तुझं नाव काढते ते त्यावरूनच. पण बेडूक घे. उडी मारण्यात कुणाला हार जात नाही, तरी दूरच्या समुद्री बेटांवर मुळात बेडूक सहसा नसतातच, कारण खारं पाणी त्याला आणि त्याच्या अंड्यांना सोसत नाही. इंडोनेशियातलं क्राकाटाऊ हे ज्वालामुखीचं बेट 1883 मध्ये फुटलं, सगळं राख झालं, आणि नऊ महिन्यांनी शोधायला गेलेल्यांना तिथं एक कोळी जाळं विणताना दिसला. वाऱ्यानं आणून टाकलेला. त्यात बळ कसलं?

बळ लागतं ते पोचल्यावर. गालापागोसच्या डॅफ्नी बेटावर 1977 च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, बहुतेक फिंच पक्षी मेले, जाड चोचीचे जास्त तगले आणि पुढच्या पिढीची चोच मोठी निघाली. हवाईत अमेरिकेतून आलेल्या एका झाडाच्या वंशातून सुमारे 30 जाती झाल्या. दुष्काळ, वणवा, कातळ, बेटावरचे जीव हे सगळं पचवतात. पचत नाही ते समुद्र बुजणं. पॅसिफिकमधल्या गुआम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालातून एक साप आला आणि रानातले जवळजवळ सगळे मूळ पक्षी त्यानं संपवले. त्या पक्ष्यांनी असा साप कधी बघितलाच नव्हता. सड्याची गरिबी हाच त्याचा समुद्र आहे, बाळ्या. अण्णा तो बुजवायला निघालाय, तेही मेहनतीनं, कर्ज काढून.

तो म्हणतो, काजू नाही लागला तर माती वाहून जाईल, फुलं परत येतील. फ्लोरिडात 1966 च्या सुमारास कांदळवनाच्या छोट्या बेटांवरचे सगळे किडे मुद्दाम धूर देऊन मारले होते. वर्षाच्या आत जातींचा आकडा जवळजवळ पहिल्याइतका झाला, पण जाती सगळ्या त्याच नव्हत्या. आणि तिथं किनारा जवळ होता.

अण्णाचं खोटं आहे असं नाही. भाताचं एकच पीक, पोराची फी, मला ते दिसतं. म्हणूनच नुसतं 'नको' म्हणवत नाही.

बारापेड्याची वाघळं काढून तू टोमणा मारणार, माहीत आहे. शतकभरापूर्वी तळेवाडीजवळच्या त्या गुहेत सापडली, कित्येक दशकं जगात तेवढंच ठिकाण माहीत होतं, मग मेघालयात आणि कंबोडियातही मिळाली, आणि तू फोनवर अर्धा तास हसलास. हस. पण तेव्हा दुसरीकडे मिळतील म्हणून गुहा बुजवली असती तर?

धाकटीला इंजिनिअरिंगला पुण्यातच मिळालं हे ऐकून बरं वाटलं, तिला माझा आशीर्वाद. नव्या घराचे फोटो वहिनींनी पाठवले, गॅलरी छान आहे. साहेब बदलला का?

अण्णा तुझं ऐकतो. विहिरीच्या भानगडीत ऐकलंच होतं. गणपतीच्या दोन दिवस आधीच ये, फुलं असतील तोवर आपण तिघं वर जाऊ. काजू घराखालच्या पडीक तुकड्यात लावला तर किती झाडं बसतील याचा हिशेब मी करून ठेवतो, माझ्या वाट्याचा तुकडाही त्याला द्यायची तयारी आहे. पण ते तू बोल, मी बोललो की भांडण होतं. बस कुठली ते कळव, खानापूर स्टँडवर गाडी घेऊन येतो.

तुझा,
नाना