"सही करू नका" म्हणणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

"आभार कसले मानतेस, पोरगं चालायला लागलं ना?" असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तरी लिहितेच आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे. माझ्या धाकट्या भावासाठी तुम्ही जे केलंत ते आमच्या एका घरापुरतं राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या बेळगाव-खानापूर भागात गावोगावी फौजेतली माणसं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात. जवान जखमी झाला तर अर्ज कुठे करायचा, पेन्शन कशी लावून घ्यायची, हे पारावर बसलेला कुणीही माजी सैनिक सांगतो. पण व्यापारी बोटीवर कामाला गेलेल्या पोराचा पाय मोडला तर पुढे काय, हे आमच्या गावात कुणालाच सांगता येईना. मग कुणीतरी तुमचं नाव घेतलं. खलाशी म्हणून लागून सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होऊन निवृत्त झालेले, एवढीच तुमची ओळख आम्हाला होती.

धाकटा तेव्हा परदेशातल्या दवाखान्यात होता. बंदरात जहाज बांधताना दोर तुटला आणि उलटून त्याच्या उजव्या गुडघ्याखाली बसला. नडगीच्या हाडाचे तुकडे झाले. आम्ही सगळे रडत होतो आणि तुम्ही फोनवर त्यालाच विचारत होतात, "लॉगबुकात नोंद झाली का? अपघाताच्या रिपोर्टची प्रत मिळाली का? नाही ना, मग माग. डॉक्टरच्या प्रत्येक कागदाचा फोटो काढ आणि बहिणीला पाठव. दोर तुटताना शेजारी कोण होतं, त्यांचे नंबर घेऊन ठेव." तेव्हा मला वाटलं, हाडं मोडलेल्या पोराला कशाला हा त्रास. पुढे प्रत्येक कागद कामी आला. साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावरून उतरण्याच्या, कागदावर कारण "स्वतःच्या विनंतीवरून" असं टाइप करून आणलं होतं. ते बदलून "वैद्यकीय कारण" लिहिल्याशिवाय सही करायची नाही, हे तुम्ही त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलंत. त्या एका ओळीवर पुढचा सगळा हक्क उभा होता. स्वतःहून उतरलेल्या माणसाचं आम्ही काही देणं लागत नाही, असं म्हणायला कंपनी मोकळी झाली असती.

मग त्याला बोटीवर नोकरी लावून देणाऱ्या एजंटचा माणूस सांगू लागला की पोरगा नको त्या जागी उभा होता, चूक त्याचीच. आई खचली ती या वाक्याने. तुम्ही घरी येऊन तिच्यासमोर बसलात आणि शांतपणे समजावलंत. ताणलेला दोर लांबतो, त्याच्यात जोर साठतो, आणि तुटला की डोळ्याला दिसायच्या आत मागे येतो. डेकवर सगळी जागाच धोक्याची असते आणि नव्या पोराला वरचा सांगेल तिथे उभं राहावं लागतं. "आणि वहिनी, समजा जागा चुकली, तरी त्याने हक्क जात नाही." सागरी कामगार करार, २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजमालकाची जबाबदारी टाळायला जागा फार थोड्या ठेवल्या आहेत: दुखापत नोकरीच्या कामाबाहेर झाली असेल, माणसाने जाणूनबुजून गैरवर्तन केलं असेल, किंवा भरतीच्या वेळी आजार लपवला असेल. अंदाज चुकणं त्यात बसत नाही. भारताने हा करार २०१५ साली मान्य केला. जहाजावर झेंडा लायबेरियाचा होता, म्हणजे त्याची नोंदणी तिथली, आणि या कराराला सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश लायबेरियाच, हेही तुम्हीच सांगितलंत. आई त्या रात्री जेवली.

कुरियरने भरपाई मिळाल्याची पावती सहीसाठी आली तो दिवस मी विसरणार नाही. इंग्रजी कागद, सोबत काही महिन्यांच्या पगाराएवढ्या रकमेचा आकडा, आणि खाली सहीची रेघ. फोनवर घाई चाललेली, की आज सही केली तर पैसे लगेच, नाहीतर काही नाही, आणि पुढचं जहाजही विसरा. तुम्ही चष्मा पुसलात, लाल पेन्सिल काढलीत आणि ओळन् ओळ मराठीत वाचून दाखवलीत. "फुल अँड फायनल" या शब्दांखाली दोनदा रेघ मारलीत. "याचा अर्थ, यापुढे तुझा पाय कापावा लागला तरी कंपनी तुझं काही देणं लागत नाही. सही करू नका." मग नोकरीच्या कराराची मागची पानं उलटलीत. युनियनशी झालेल्या सामूहिक कराराचा उल्लेख तिथे बारीक टाइपात होता. अपंगत्व किती टक्के त्यावर भरपाई ठरते, आणि टक्के ठरवायचे डॉक्टरांनी, एजंटने नव्हे.

नोकरीच्या करारात ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम घ्यायला खलाशावर दबाव आणता येत नाही, आणि पूर्ण भरपाई ठरायला वेळ लागत असेल तर मधल्या काळात अडचण होऊ नये म्हणून काही रक्कम द्यावी लागते. सागरी कामगार करारातले हे नियम २०१७ पासून लागू आहेत, आणि त्यासाठी विम्याचं प्रमाणपत्र जहाजावरच लावलेलं असतं. धाकट्याच्या मोबाइलमधल्या मेसरूमच्या, म्हणजे जहाजावरच्या जेवणाच्या खोलीच्या, एका फोटोत मागे ते भिंतीवर दिसत होतं. तुम्ही फोटो मोठा करून विमा क्लबचं, म्हणजे जहाजमालकाचा विमा उतरवणाऱ्या संस्थेचं, नाव वाचलंत, आणि त्या दिवसापासून आमची पत्रं एजंटसोबत थेट तिकडेही जाऊ लागली.

उपचाराचा खर्च मालकाचा आणि अपघातापासून निदान १६ आठवडे पगार चालू, हेही बंद केलेलं पुन्हा सुरू करून घेतलंत. त्यासाठी या वयात रात्रीच्या बसने माझ्यासोबत मुंबईला आलात, कांजूरमार्गला नौवहन महासंचालनालयात, म्हणजे जहाजांचा कारभार बघणाऱ्या सरकारी कचेरीत, तक्रार दिलीत, युनियनच्या ऑफिसात तासन् तास बसलात. बसचं भाडंसुद्धा घेतलं नाहीत.

पैसे आले, काका. पावतीवरच्या आकड्याच्या कितीतरी पट. दुसरं ऑपरेशन त्यातूनच झालं. डॉक्टरांनी जहाजासाठी अनफिट ठरवलंय, त्याचं दुःख त्याला आहे आणि राहील. समुद्र त्याला आवडायचा. उरलेल्या पैशांतून खानापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान घालायचं म्हणतोय.

एक विनंती. वरच्या आळीतल्या शिंप्यांचा मुलगा पुढच्या महिन्यात बोटीवर निघालाय. एजंटने नोकरी लावून देण्याचे पैसे मागितलेत. मी त्याच्या वडिलांना सांगितलं की मेडिकल, सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट यांचा खर्च सोडून खलाशाकडून पैसे घेताच येत नाहीत, आणि एजंटकडे महासंचालनालयाचा परवाना आहे का ते आधी बघा. त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नाही. रविवारी बापलेकांना करारनामा घेऊन तुमच्याकडे पाठवते. लाल पेन्सिल तयार ठेवा.

तुमची,
धाकट्याची ताई
खानापूर तालुका