खांद्याचा तुकडा आणि सात रात्रींचं जेवण

ती. आई-बाबांना सा. न.

येऊन गेले तेव्हापासून हे लिहायचं मनात घोळतंय. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर आई "बरं बरं" म्हणते आणि विषय बदलते. कागद ओट्याजवळ राहील, म्हणून लिहितेय.

त्या रात्री बाबांनी पोर्क चॉपचा एक घास डाव्या बाजूनं किती तरी वेळ चावला आणि उरलेला तुकडा हळूच ताटाच्या कडेला सरकवला. आई, तू ते पाहिलंस आणि काही बोलली नाहीस. दुसऱ्या रात्री तुम्ही दोघांनी चहा-बिस्किटांवर भागवलंत. फ्रीजर उघडला तर सॉसेजची चार पाकिटं. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

बाबा, तुमचं वजन ६२ किलोवर आलंय. उतारवयात वजन घटतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, स्नायूही जातात, आणि खुर्चीतून उठताना लागतात ते तेच. या वयात किलोमागे निदान १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तुम्हाला दिवसाला साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. तुमची किडनी ठीक असल्याचं डॉक्टर म्हणाले, म्हणूनच हे बिनधास्त सांगतेय. चरबी काढलेल्या, शिजलेल्या १०० ग्रॅम पोर्कमध्ये २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. शिवाय ब-१ जीवनसत्त्व पोर्कमध्ये जितकं असतं तितकं बीफ-चिकनमध्येही नसतं. तेव्हा "आता या वयात जड खाणं नको" हे आईचं म्हणणं मला पटत नाही. जड होते ती चरबी, आणि ती काढता येते.

आई, तुझा चॉप वातड होतो यात तुझ्या हाताचा दोष नाही. तो भागच तसा आहे. चॉप निघतो पाठीच्या लॉइनमधून. त्या स्नायूला फारसं काम नसतं, म्हणून तो मऊ असतो, त्यात चरबीही कमी. पण त्यामुळेच तो जरा जास्त शिजला की सुकून जातो. खांद्याचं उलटं. जनावराचा भार सतत पेलून तो भाग चिवट झालेला असतो, त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. दहा मिनिटांत शिजवलात तर दात हलतील. पण पाण्यात सावकाश शिजू दिलंत तर त्याच कोलॅजनचं मऊ, जेलीसारखं जिलेटिन होतं आणि मांस काट्यानं सुटायला लागतं. आणि खांदा लॉइनपेक्षा स्वस्त मिळतो. बाबांच्या कवळीला जे सोपं तेच खिशालाही सोपं, हे कळल्यावर मला फार हायसं वाटलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: आठवड्यातून चार वेळा थोडंथोडं मांस आणू नका. दोन-अडीच आठवड्यांतून एकदा बिनहाडाचा दोन किलोंचा अख्खा खांदा आणा. कापून ठेवलेल्या तुकड्यांमध्ये कापणाऱ्याची मजुरीही धरलेली असते. घरी आल्यावर तो धुऊ नका. धुतल्यानं जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या भाजीवर उडतात. वरची जाड चरबी सुरीनं काढा, मुठीएवढे तुकडे करा, कापडी रुमालाऐवजी कागदानं कोरडे पुसा. ओलं मांस खरपूस होत नाही, नुसतं वाफाळतं. कुकरच्या तळाशी चमचाभर तेलात ते सगळीकडून तांबूस करून घ्या, मग दोन मोठे कांदे, अख्खी लसणाची गड्डी सोलून, आलं, मिरी आणि दोन वाट्या पाणी. तुकडे एका वेळी मावले नाहीत तर दोन खेपा करा. मीठ अगदी कमी. वाफ धरली की आच बारीक करून पाऊण तास, आणि कुकर आपोआप निवू द्या.

पुढची गोष्ट सांगण्यासाठीच खरं तर हे पत्र. मांस पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, रस्सा वेगळा. सकाळी रश्श्याचं भांडं उघडाल तेव्हा वर पांढरी, घट्ट पापडी जमलेली दिसेल. चमच्याची कड खाली सारली की ती अख्खीच्या अख्खी उचलून येते. मी पहिल्यांदा काढली तेव्हा ती हातात धरून बघतच राहिले. एवढी चरबी आपल्या पोटात जाणार होती! तिच्याखाली रस्सा थरथरत असतो, जेलीसारखा. तो ओतून देऊ नका. ब-१ पाण्यात उतरतं, त्यामुळे त्यातलं काही त्या जेलीत असतं. त्यात राजमा किंवा चवळी, गाजर आणि मूठभर मांस घातलं की एका रात्रीचं जेवण झालं. दुसऱ्या रात्री कोबी आणि सिमला मिरची मोठ्या आचेवर परतून त्यात मांसाच्या तारा घाला, वर लिंबू पिळा. मीठ कमी असलं की आंबट कामाला येतं.

शिजून, चरबी जाऊन दोन किलोंचं साधारण सव्वा किलो राहतं. माणशी ९० ग्रॅम धरले तर तुम्हा दोघांच्या सात रात्री होतात. आठवड्यात तीनच रात्री. पोर्क हे लाल मांसच आहे, आणि लाल मांस आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या वर जाऊ नये असं वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचं सांगणं आहे. तीन रात्री म्हणजे माणशी २७० ग्रॅम, बरेच खाली. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांत संपेल एवढंच ठेवा, बाकीचं एका रात्रीची एक अशा चपट्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये. चपट्या पिशवीतला बर्फ लवकर सुटतो. दोन-तीन महिने चवही टिकते, पण तुमच्याकडे ती तेवढी राहायचीच नाही.

सॉसेजची पाकिटं मात्र संपली की पुन्हा आणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं, त्यात सॉसेज, हॅम, बेकन सगळं आलं. आणि आई, तुझं ब्लडप्रेशर! दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं. दोन-तीन सॉसेजमध्येच त्यातलं बरंचसं संपतं. पटकन होतं म्हणून तू ते आणतेस, हे मला कळतं. पिशवीतलं शिजलेलं मांसही तेवढ्याच वेळात गरम होतं.

आता तुझ्या जुन्या नियमाबद्दल. डुकराचं मांस कोरडं ठाक होईपर्यंत शिजवायचं, हे तू आजीकडून शिकलीस. त्यामागचं कारण खरं आहे. ट्रायकिनेला नावाची कृमी आणि पट्टकृमी (टेपवर्म) कच्च्या मांसातून पोटात जातात. पण त्या मरायला मांसाचं लाकूड व्हावं लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यासाठी आतलं तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सिअसवर आणलं, मग आचेवरून काढून तीन मिनिटं तसंच ठेवायचं. खिम्याला मात्र ७१ च, कारण दळताना बाहेरचे जंतू आत मिसळतात. रंगावर जाऊ नकोस, तो फसवतो. थर्मामीटरची सुई जाड भागात खुपसली की प्रश्न मिटतो. कुकरमधल्या खांद्याची तर चिंताच नाही, तो या आकड्यांच्या कितीतरी वर जातो.

कधी लॉइन आणावासा वाटलाच तर मांसाच्या रेषा कुठल्या दिशेनं जातात ते बघून त्यांना आडवं काप. पातळ काप, आडवी रेघ. बाबांना चावायला निम्मं सोपं जाईल.

बाबा, भाज्या चिरायचं काम तुम्ही घ्या. आईचे गुडघे ओट्याशी तासभर टिकत नाहीत, ती सांगणार नाही.

मी शनिवारी सकाळी थर्मामीटर आणि पिशव्या घेऊन येते. पहिला खांदा आपण तिघं मिळून करू. आधीच आणून फ्रीजरमध्ये ठेवला असेल तर गुरुवारी रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा, खाली ताटली ठेवून. मोठा तुकडा सुटायला पूर्ण दिवस लागतो, आणि ओट्यावर तो सोडायचा नाही.

तुमची,
धाकटी