नान्नजच्या आबांना, कोऱ्या रकान्यांबद्दल

ती. स्व. आबांना साष्टांग नमस्कार.

नातू मोबाईलवर वाचून दाखवेल, म्हणून उघडच लिहितेय. माळावरच्या पशुपक्ष्यांचा माझा प्रबंध एकदाचा जमा झाला. आभाराच्या पानावर तुम्हाला दोनच ओळी आल्या, त्या काही मला पुरल्या नाहीत.

पहिल्यांदा सोलापूरजवळच्या तुमच्या नान्नजच्या माळावर आले तेव्हा गळ्यात दुर्बीण होती, हातात अंतर मोजायचं यंत्र होतं, अक्कल बेताचीच होती. उजाडता उजाडता ठरलेल्या रेषेवरून दोन किलोमीटर चालायचं आणि दिसेल तो पक्षी, काळवीट, लांडगा रेषेपासून किती लांब आहे ते टिपायचं. मोज्यांत कुसळं. तुम्ही मेंढ्या पोराच्या हवाली करून सोबत यायचात.

तिसऱ्या आठवड्यात मी "माळढोक!" म्हणून किंचाळले. दूर गवतात त्या दुर्मिळ पाखराची पांढरी मान दिसत होती. तुम्ही कपाळाला हात लावून पाहिलंत. "पोरी, त्ये वाऱ्यानं हलतंय. पाखरू वाऱ्यानं हलत न्हाई." जवळ गेलो तर बाभळीला अडकलेली युरियाची गोणी!

त्यानंतर पुष्कळ दिवस काहीच दिसलं नाही आणि त्या दिवसांचे फॉर्म मी भरलेच नाहीत. तुम्ही विचारलंत, "काय न्हाई दिसलं, त्ये कुठं लिवलंस?" मी गप्प. दिसलं तेवढंच लिहिलं असतं, तर माळ कागदावर भरलेला दिसला असता. शून्य लिहायला तुम्ही लावलंत. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्या शून्यांवरच विचारले.

माझ्या नकाशावर नुसते रंग होते. कुठल्या रानात जोंधळा होता, उजनीचं पाणी आल्यावर कुठे ऊस उभा राहिला, कुठे द्राक्षबाग झाली, हे तुम्ही बोट दाखवून सांगितलंत. गवताळ माळाला ओसाड समजून गिरिपुष्प लावलं, ती जागाही तुम्हीच दाखवलीत. (झाडं लावणं नेहमीच पुण्याचं नसतं, हे पुण्यात सांगायला गेलं की लोक रागावतात.) १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, पुढे १,२२२ वर आलं. पण हद्द आखून पाखरू थांबत नाही. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेची तार जवळ आली तरी एवढं अंग चटकन वळत नाही. देशात मोकळ्या रानात आता दीडशेही उरले नाहीत.

लांडग्यानं तुमचं कोकरू नेलं, त्याच संध्याकाळी तुम्ही मला त्याचा माग दाखवलात. मी तुमच्या जागी असते तर दाखवला नसता.

तुमची घोंगडी अजून माझ्याकडेच आहे. दिवाळीत घेऊन येते. तेव्हा मेंढ्या कोणाच्या रानात बसवल्या असतील, ते नातवाकरवी कळवा.

तुमची,
दुर्बीणवाली पोरगी