पार्सल पोहोचले, हे सिद्ध कोणी करायचे? केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री महोदय यांस,

सविनय नमस्कार.

विषय : ऑनलाइन खरेदीतील माल हाती न पडताच ‘पोहोचला’ अशी नोंद होण्याबाबत.

मी मिरजेत राहतो. एका नागरी सहकारी बँकेत चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो आणि त्यातली निम्मी वर्षे कॅश आणि बिल्स या दोन टेबलांवर गेली. त्या नोकरीत एक गोष्ट अंगवळणी पडली : रक्कम किंवा कागद ज्याच्या हाती द्यायचा त्याची सही घेतल्याखेरीज ‘दिला’ असे लिहायचे नाही. सही घ्यायची राहिली आणि संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर तूट कॅशियरच्या खिशातून भरून निघत असे. ‘तुम्हाला पैसे मिळाले नाहीत हे आधी सिद्ध करा’, असे खातेदाराला सुनावण्याची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. या पत्रात जे मांडायचे आहे ते इतकेच असले, तरी ते आपल्यापर्यंत का आणावे लागले हे सांगण्यासाठी थोडी हकीकत सांगतो.

गौरी-गणपतीच्या आठ दिवस आधी घरातला जुना मिक्सर जळाला, म्हणून सुनेने एका मोठ्या खरेदी संकेतस्थळावरून ३,६४९ रुपयांचा नवा मिक्सर मागवला. पैसे माझ्या खात्यातून यूपीआयने आगाऊ भरले. तिसऱ्या दिवशी सायंकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी पार्सल सुपूर्द केल्याचा संदेश आला. त्या वेळी मी दारातल्या कट्ट्यावर बसून शेजाऱ्यांशी बोलत होतो; अर्धा तास आधीपासून तिथेच होतो आणि नंतरही तासभर उठलो नाही. दाराशी कोणीही आले नव्हते. संदेशासोबत पुरावा म्हणून एक फोटो होता. त्यात शहाबादी फरशीच्या पायरीवर एक खोका ठेवलेला, शेजारी निळ्या पट्ट्याची एक रबरी चप्पल आणि कडेला लोखंडी जाळीच्या दाराचा कोपरा दिसतो. आमच्या दाराची पायरी लाल कोब्याची आहे, उजव्या कोपऱ्यात तिचा टवका उडालेला आहे, आणि दार सागवानी, दोन फळ्यांचे, आजोबांच्या वेळचे आहे.

तक्रार नोंदवायला गेलो, तेव्हा ॲपमध्ये वस्तू खराब निघाली, चुकीची आली, सुटे भाग कमी आहेत, पसंत पडली नाही, असे चार-पाच पर्याय समोर आले; वस्तू आलीच नाही, हे म्हणायला जागा सापडेना. अखेर ‘खराब निघाली’ हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय निवडला, तर उत्तर आले की वस्तू परत नेण्यासाठी माणूस येत आहे, ती मूळ खोक्यात बांधून तयार ठेवावी. घरात सगळे हसले. मीही हसलो, पण पैसे माझे होते.

पुढे दोन दिवसांनी एका कर्मचाऱ्याशी बोलणे झाले, त्याने अदबीने सगळे लिहून घेतले, आणि पाचव्या दिवशी ई-मेल आला : आमच्या तपासात पार्सल आपल्या पत्त्यावर पोहोचल्याचे आढळले आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. तपास कोणी केला, पार्सल आणणाऱ्या मुलाला काही विचारले का, त्याच्या फोनने ७ वाजून ४२ मिनिटांनी कोणते ठिकाण नोंदवले, यातले एक अक्षरही त्यात नव्हते. फोटोतली पायरी माझी नाही, असे कळवून मी माझ्या पायरीचा फोटो पाठवला. उत्तरादाखल तोच ई-मेल पुन्हा आला. त्या मुलाला फोन करावा म्हटले, तर ज्या क्रमांकावरून त्याचा सकाळी फोन आला होता तो कंपनीने मधल्यामध्ये जोडून दिलेला तात्पुरता क्रमांक होता आणि ‘पोहोचले’ ही नोंद होताच तो बंद झाला होता.

मग गल्लीत विचारपूस करण्याची पाळी आली, आणि ती मला सर्वांत जड गेली. चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याच्या दारात उभे राहून ‘आमचे पार्सल चुकून तुमच्याकडे आले का हो?’ असे विचारताना आपली नजर नकळत त्याच्या पायरीकडे जाते, आणि ते त्याच्याही लक्षात येते. चार दारे झाल्यावर मी घरी परतलो.

महोदय, न घडलेल्या गोष्टीचा पुरावा माणसाने कुठून आणावा? माल मिळाला तर पावती असते, सही असते, खोका असतो, वस्तू असते. मिळाला नाही तर त्याचे काहीच नसते. वितरणाची सगळी नोंद, म्हणजे वेळ, ठिकाण, फोटो, कोणत्या मुलाकडे कोणते पार्सल होते, हे ज्या पक्षाकडे आहे तो ती दाखवत नाही, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे पुरावा मागितला जातो. ही उलटी रीत कायद्यात कुठून आली हे शोधताना मी १९३० च्या माल विक्री कायद्यापर्यंत पोहोचलो. त्याच्या कलम ३९ मध्ये असे आहे की, माल खरेदीदाराकडे पाठवायचा असेल, तेव्हा तो वाहतूकदाराच्या हवाली करणे म्हणजे प्रथमदर्शनी खरेदीदारालाच देणे समजावे.

त्या काळी याला अर्थ होता. बिल्सच्या टेबलावर मी जी कामे केली, त्यात तो अर्थ शिल्लक होता. मुंबईच्या पेढीने मालगाडीत माल चढवला की रेल्वेची पावती, म्हणजे आर. आर., बिलासोबत आमच्या बँकेकडे येई; मिरजेचा दुकानदार बिलाचे पैसे भरून ती आर. आर. सोडवून नेई आणि ती दाखवल्याखेरीज मालधक्क्यावरून पोते हलत नसे. माल अजून वाटेत असला, तरी त्याची किल्ली खरेदीदाराच्या हातात असे. शिवाय खरेदीदार हा व्यापारी होता, वाहतूकदार कोण हे त्याला ठाऊक होते, आणि कागद पुरा असल्यावर रेल्वेकडे दावा लावण्याची त्याची ताकद होती. आजच्या ग्राहकाच्या हाती एक ट्रॅकिंग क्रमांक असतो; तो क्रमांक कोणालाही अडवू शकत नाही. वाहतूकदार त्याने निवडलेला नसतो, त्याचे नावही पुष्कळदा पार्सल दाराशी आल्यावरच कळते.

आपला हा कायदा १८९३ च्या इंग्रजी कायद्यावर बेतलेला आहे, आणि खुद्द त्या देशाने ग्राहकांपुरती ही रीत सोडून दिली आहे. तेथील २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम २९ नुसार माल प्रत्यक्ष ग्राहकाच्या, किंवा ग्राहकाने नेमून दिलेल्या व्यक्तीच्या, ताब्यात येईपर्यंत त्याची जोखीम विक्रेत्याची असते; ग्राहकाने स्वतःहून वेगळा वाहतूकदार ठरवला असेल तेवढाच अपवाद. परदेशाचे दाखले देण्याची मला हौस नाही. पण आपण उसन्या घेतलेल्या नियमातली खोट मूळ मालकाने दुरुस्त केली असेल, तर आपण ती जपून ठेवण्यात काय शहाणपण आहे?

आणि असा विचार आपल्याकडे झालाच नाही, असेही नाही. कोणी परस्पर खात्यातून पैसे काढले अशी खातेदाराची तक्रार आली, तर त्यात खातेदाराचा दोष होता हे दाखवून देण्याचा भार बँकेवर राहील, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तोच दंडक आम्हा सहकारी बँकांनाही लागू केला. सुरुवातीला आमच्याकडे कुरकुर झाली, लबाड खातेदार फायदा घेतील असे म्हटले गेले. पण नोंदी बँकेकडे असतात, म्हणून पुरावाही बँकेनेच द्यावा, हे कोणाला खोडता आले नाही. मिक्सरच्या बाबतीत मात्र त्या परिपत्रकाचा मला उपयोग नाही, कारण पैसे मी स्वतः, राजीखुशीने भरले होते. बँकेमार्फत रक्कम परत मागण्याची वाट होती. पण तिथेही विक्रेत्याने तोच शहाबादी पायरीचा फोटो पुढे केला असता, आणि पायरी कोणाची हे पाहायला मिरजेत कोण येणार होते?

आपल्या मंत्रालयाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम मी शब्दन् शब्द वाचले. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्यात निवारण करावे, असे त्यात आहे. माझी तक्रार पाचव्या दिवशी बंद झाली, म्हणजे मुदतीच्या हिशेबाने कंपनी शंभर टक्के उत्तीर्ण. पण बंद करताना कारण काय द्यावे, कोणती नोंद दाखवावी, यावर नियम गप्प आहेत. माल सदोष, बनावट, वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा ठरल्या मुदतीनंतर आलेला असेल, तर विक्रेत्याला पैसे परत करण्यास नकार देता येत नाही, हेही त्यात आहे. म्हणजे उशिरा आलेल्या मालाचा विचार झाला. आलाच नाही, पण ‘आला’ म्हणून लिहिला गेला, त्या मालाचा झाला नाही. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने या नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. विक्रेत्याच्या हलगर्जीपणामुळे माल न पोहोचून ग्राहकाचे नुकसान झाले, तर त्याची जबाबदारी विक्री मंचावरही, म्हणजे ज्या संकेतस्थळावरून तो विकला गेला त्याच्यावरही, यावी, असा विचार त्यात होता. तो मला आजही योग्य वाटतो.

यावर कोणी म्हणेल की जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे जा. आहे, आणि त्याच्या सोयीही मोठ्या आहेत : २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मला ते जमेल, कारण मी रिकामा आहे आणि मला कागदांची सवय आहे. पण ३,६४९ रुपयांसाठी माझी सून शाळेतली रजा काढून तारखांना जाणार नाही, आणि तिने जाऊ नये असेच माझेही मत आहे. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनचे स्वरूप समेटाचे आहे. ती कंपनीला विचारू शकते, हुकूम करू शकत नाही. लहान रकमांचे असे दावे कोणी लढवत नाही, याच हिशेबावर ही व्यवस्था चालते असे मला वाटते, आणि हे मी रागाच्या भरात लिहीत नाही.

ओटीपीचा उपाय सांगितला जातो. माझ्या पार्सलला तो मागितलाच गेला नाही, हा भाग सोडला, तरी त्याने सगळे सुटेल असे मला वाटत नाही. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’, हे आम्ही बँकवाल्यांनी वर्षानुवर्षे ग्राहकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितले, आणि आता दाराशी आलेल्या अनोळखी मुलाला तोच सांगायचा आहे. पुष्कळदा तो दाराशीही नसतो. ‘काका, खालच्या चौकात आहे, नंबर सांगा, येतोच’ असा फोन येतो. नंबर एकदा दिला की पुराव्याचे पारडे पुरते त्याच्याकडे झुकते. ओटीपी असावा, पण तो मालाची तपासणी करून, माल हातात घेतल्यावरच द्यायचा आहे, हे त्या संदेशातच मराठीत आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे.

त्या मुलाविषयी मला राग नाही, हेही नमूद करतो. पार्सलमागे काही रुपये मिळवणारा, रात्री आठच्या आत पाठीवरची पोतडी रिकामी दाखवण्याच्या घाईत असलेला तो एक पोरगा आहे, आणि राहिलेली दोन पार्सले ‘पोहोचली’ म्हणून दाबून उद्या सकाळी देऊ, असे त्याच्या मनात आलेही असेल. माझी रक्कम उद्या परत मिळाली आणि ती त्याच्या कमाईतून कापली गेली, तर मला ती नको आहे. पार्सल हाती न देता ‘पोहोचले’ हे बटण दाबता येते, ही सोय त्याने केलेली नाही.

म्हणून विनंती अशी की, ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट शब्दांत दुरुस्ती व्हावी : माल ग्राहकाच्या किंवा त्याने नाव दिलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत जोखीम विक्रेत्याची व विक्री मंचाची राहील, आणि माल दिला हे सिद्ध करण्याचा भार, दिला म्हणणाऱ्यावरच राहील. ‘मिळाले नाही’ हा पर्याय तक्रारीच्या पहिल्या पानावर असावा. ती तक्रार फेटाळायची असेल, तर वितरणाची वेळ, ठिकाण आणि घेणाऱ्याची ओळख यांची नोंद ग्राहकाला दिल्याखेरीज फेटाळता येऊ नये, आणि नोंद देता आली नाही, तर पैसे ठरावीक दिवसांत आपोआप परत व्हावेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अनेक ग्राहकांच्या सामाईक हिताची प्रकरणे स्वतःहून हाती घेण्याचा अधिकार आहे. अशा किती तक्रारी येतात आणि त्यातल्या किती ‘पोहोचल्याचे आढळले’ या एका वाक्याने बंद होतात, याची माहिती प्राधिकरणाने मोठ्या कंपन्यांकडून मागवावी आणि लोकांसमोर ठेवावी. खोट्या तक्रारी करणारे ग्राहकही असतील, नव्हे आहेतच, बँकेतही होते. त्यांना पकडण्याचे साधनही शेवटी हीच नोंद आहे.

सोबत दोन छायाचित्रे जोडली आहेत. शहाबादी पायरीचे कंपनीने पाठवलेले आहे. लाल कोब्याचे, टवका उडालेले, माझ्या दाराचे आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज