अंतराळवीराची जन्मतारीख नको, तब्येत बघा

माननीय डॉ. जितेंद्र सिंह,
राज्यमंत्री, अंतराळ विभाग, भारत सरकार

स.न.वि.वि.

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ज्या यानातून अंतराळात गेले, त्या मोहिमेच्या कमांडर पेगी व्हिटसन तेव्हा ६५ वर्षांच्या होत्या. शुक्ला ३९ चे. त्या दिवशी आपले सगळे कॅमेरे साहजिकच शुक्लांवर होते. व्हिटसनबाई आपल्याकडच्या एखाद्या सरकारी खात्यात असत्या, तर पाच वर्षांपूर्वीच शाल-श्रीफळ घेऊन घरी गेल्या असत्या. नासातून त्याही २०१८ मध्ये निवृत्त झाल्याच होत्या. पुढची दोन उड्डाणे त्यांनी खासगी कंपनीकडून केली.

हे पत्र लिहायचे कारण असे की, गगनयान या आपल्या समानव अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांनंतरच्या तुकड्यांचे निकष आज ना उद्या कागदावर येतील. त्यात अनुभवी अंतराळवीराच्या पुन्हा उड्डाणाला वयाची कमाल मर्यादा घालू नये, एवढीच विनंती. नवी भरती तरुणांची करा, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न एकदा तयार झालेल्या माणसाला कधी थांबवायचे, हा आहे.

आपण स्वतः वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होतात, त्यामुळे वयाचे धोके आपल्याला सांगायला नकोत. वजनरहित अवस्थेत शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. ज्याची हाडे आधीच विरळ झाली आहेत, त्याला हा तोटा जास्त महाग पडतो. स्नायू झिजतात, डोळ्यांवर परिणाम होतो, म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागतो. नासाचे अंतराळवीर डॉन पेटिट २० एप्रिल २०२५ रोजी, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, २२० दिवसांनी कझाकस्तानात उतरले तेव्हा त्यांची अवस्था बघवत नव्हती. आपण तिथे चक्क उलट्या करत होतो, हे त्यांनीच नंतर मोकळेपणाने सांगितले. पण परतीचा हा त्रास आपल्याला आधीपासूनच होतो, असेही ते म्हणाले.

किरणोत्साराच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत तो सहसा येत नाही. अंतराळातल्या किरणोत्सारामुळे होऊ शकणारा कर्करोग बहुधा काही दशकांनी डोके वर काढतो. तिशीतल्या माणसापुढे ती दशके आहेत. साठीतल्या माणसापुढे तुलनेने कमी. म्हणूनच नासाच्या जुन्या नियमांत वय वाढेल तशी किरणोत्साराची आयुष्यभराची अनुज्ञेय मात्राही वाढत असे. २०२२ पासून त्यांनी सर्वांना सरसकट ६०० मिलिसिव्हर्टची (हे किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) मर्यादा लावली, पण ती ठरवताना डोळ्यांपुढे जास्त धोका असलेली ३५ वर्षांची स्त्री ठेवली. म्हणजे या एका धोक्यापुरता तरी वयस्क अंतराळवीर जास्त सुरक्षित ठरतो.

इथे एक सावधगिरीची सूचनाही करतो. ऑक्टोबर १९९८ मध्ये जुने अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन ७७ व्या वर्षी डिस्कव्हरी यानातून गेले. वार्धक्य आणि वजनरहित अवस्था यांतली साम्ये अभ्यासायची, असे कारण दिले गेले. पण एका माणसावरून निष्कर्ष तो काय निघणार? झोपेच्या अभ्यासातला मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाचा प्रयोगही वैद्यकीय कारणाने त्यांच्यावर झालाच नाही. ग्लेन तेव्हा सिनेटर होते, आणि ही सरकारी खर्चाची सहल आहे अशी टीका झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती. उद्या आपल्याकडेही राकेश शर्मांना गगनयानातून पाठवा, अशी भावनिक मागणी होऊ शकते. शर्मांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तो मोह टाळा. तीन दिवसांच्या, नव्या यानाच्या पहिल्या समानव उड्डाणात मानाची खुर्ची नसते.

आता आपलेच वेळापत्रक पाहा. सरकारने भारतीय अंतराळ स्थानकासाठी २०३५ आणि चंद्रावर माणूस उतरवण्यासाठी २०४० हे वर्ष ठरवले आहे. चौघांपैकी प्रशांत बालकृष्णन नायर यांचा जन्म १९७६ चा. स्थानक वेळेवर उभे राहिले तरी ते तेव्हा ५९ वर्षांचे असतील. अजित कृष्णन आणि अंगद प्रताप दोघेही १९८२ चे. २०४० मध्ये अठ्ठावन्नचे. सर्वांत धाकटे शुक्ला पंचावन्नचे. (या तारखा पुढे सरकणार नाहीत असे गृहीत धरून. आजवरचा अनुभव आपल्यालाही ठाऊक आहे.) खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून (एनडीए) निघालेले, रशियात प्रशिक्षण घेतलेले हे चौघे हवाई दलाचे वैमानिक. त्यातले एकटे शुक्लाच आजवर प्रत्यक्ष आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले आहेत. उरलेल्यांची पाळी येईपर्यंत हवाई दलातल्या निवृत्तीचे वय आडवे येणार असेल, तर इतकी वर्षे जमवलेले कसब आपण स्वतःच्या हाताने मोडीत काढू.

तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. अंतराळवीराचे उड्डाण त्याच्या मूळ दलातल्या सेवानिवृत्तीपासून वेगळे काढावे; निवृत्तीनंतरही तो अंतराळ विभागाच्या सेवेत उड्डाणासाठी पात्र राहील, अशी तरतूद हवी. आणि पन्नाशीनंतर दरवर्षी हाडांची घनता, हृदय, डोळे आणि प्रतिक्रियेचा वेग यांची कडक तपासणी व्हावी. ती बंगळुरूच्या हवाई दलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेने करावी आणि तिचा निर्णय अंतिम मानावा. त्यात जो नापास होईल, तो ५१ चा असला तरी जमिनीवर राहील. जो पास होईल त्याला यादीतून वगळायचे असेल, तर वयाखेरीज दुसरे कारण लेखी द्यावे लागेल, असा नियम आपण कराल का? उत्तराची वाट पाहतो.

आपला,
साठी ओलांडलेला एक विज्ञान शिक्षक, सातारा