बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, किटिमॅटहून

किटिमॅट, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा
सप्टेंबर 2014

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, आधी तुझ्यासाठी. पाय ठीक आहेत, अस्वलं दिसली ती लांबूनच, आणि एकटी मी कुठेच चालले नाही.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "नळ जमिनीखालून जाणार, वर पुन्हा गवत उगवणार, मग लोकांचं बिघडतं काय?" तेव्हा आवाज सारखा तुटत होता, म्हणून आता सविस्तर लिहिते.

नॉर्दर्न गेटवे ही तेलाचा नळ टाकायची एन्ब्रिज कंपनीची योजना. शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या ब्रुडरहाइमपासून इथल्या बंदरापर्यंत 1,177 किलोमीटर, आणि नळ एक नाही, दोन. मोठ्यातून रोज 5,25,000 बॅरल तेल समुद्राकडे येणार, धाकट्यातून ते पातळ करायचं द्रव उलट जाणार. कारण अल्बर्टातलं बिटुमेन म्हणजे जवळजवळ डांबरच, पातळ केल्याशिवाय वाहत नाही. ते नदीत सांडलं तर हलका भाग उडून जातो आणि जड भाग तळाशी बसू शकतो. 2010 च्या जुलैत मिशिगनमध्ये याच कंपनीचा नळ फुटला, तो बंद करायला सतरा तासांहून जास्त वेळ गेला. तेल ज्या कॅलामझू नदीत गेलं, तिच्यातला गाळ पुढे कित्येक वर्षं उपसावा लागला.

आम्ही मार्गाचे जमतील तेवढे तुकडे चाललो. अल्बर्टाबद्दल फार लिहीत नाही. तिथे शेतातून नळ जाणं नवं नाही, लोक भरपाईचंच बोलतात. किनाऱ्याजवळच्या डोंगरात तर पायवाटच नाही. तिथे प्रत्येकी सुमारे साडेसहा किलोमीटरचे दोन बोगदे ठरलेत.

खरं समजलं ते बर्न्स लेकच्या पुढे. नकाशात नाव नसलेला ओढासुद्धा कुठल्यातरी मोठ्या नदीला मिळतो आणि त्याच्या खडीत सॅमन अंडी घालतात. त्या माशावर माणसांचा हिवाळा निघतो. घराघराजवळ मासे धुरवायच्या झोपड्या आहेत. मॉरिस नदीच्या पुलावर इथल्या आदिवासी वेट्सुवेटेन लोकांपैकी उनिस्टोटेन कुळानं पहारा ठेवलाय. पुलाच्या अलीकडच्या टोकालाच थांबवून विचारतात: तू कोण, कुठून आलीस, आमची जमीन नासवणाऱ्या कुणासाठी काम करतेस का, तुझ्या येण्यानं आमचं काय भलं होणार? शेवटच्या प्रश्नाला मला पटकन काही बोलता आलं नाही. पण पाहुण्याला हे विचारायचा हक्क ज्यांना आहे, त्यांना न विचारता नळ कसा नेणार?

इथे किटिमॅटमध्ये एप्रिलमध्ये या नळावर मतदान झालं. सुमारे 58 टक्के लोक 'नको' म्हणाले. 'हवा' म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. 2010 मध्ये इथली कागद गिरणी बंद पडली आणि शेकडो नोकऱ्या गेल्या. एका बाईंनी मला शांतपणे विचारलं, "माझा मुलगा परत गावात कसा येणार, सांग." त्यांचा प्रश्न खोटा नाही. पण खाडीकाठच्या हायस्ला आदिवासींच्या वस्तीला या मतदानात मतच नव्हतं, कारण ती नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. त्याच गिरणीच्या सांडपाण्यानं किटिमॅट नदीतल्या युलाकॉन माशाला वास लागला होता. त्या माशाचं तूप हायस्ला लोक पिढ्यान्‌पिढ्या काढत आलेत, ते या नदीवर थांबलं. म्हणजे गावच्या रोजगाराची किंमत त्यांनी एकदा भरून झालीय. आता टँकरही त्यांच्याच दारावरून जायचे, वर्षाला सुमारे 220.

बाबा, लाभक्षेत्र एकीकडे आणि बुडीत क्षेत्र दुसरीकडे, हे पाटबंधारे खात्यात तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलंय. इथेही तसंच आहे, फक्त दोहोंत हजार किलोमीटरचं अंतर आहे. म्हणून मी या नळाच्या विरोधात आहे.

17 जूनला सरकारनं 209 अटी घालून मंजुरी दिली. आदिवासी राष्ट्रं कोर्टात गेली आहेत. मी अजून काही आठवडे इथेच राहून लोकांचं म्हणणं लिहून घेणार आहे, त्यासाठी तुमची मदत हवी. कालव्याच्या मोजणीला गावात जायचात तेव्हा नोटीस आधी लागायची की खुंट्या आधी ठोकल्या जायच्या? आणि बुडीत गावातले लोक सभेत काय विचारायचे? आठवेल तेवढं लिहा. हात दुखत असेल तर आईला सांगा, ती लिहील.

तुमची,
शुभा