सूचना : घरचे पंखे साफ करण्याबाबत

सभासदांनो, पंखे पुन्हा रात्रंदिवस फिरू लागतील, त्याआधी ते एकदा पुसून घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विचही पाडा. स्टुलावर चढणार असाल तर खाली कोणीतरी धरायला हवं.

छताच्या पंख्याला जुना उशीचा अभ्रा उत्तम. पात्यावर चढवायचा आणि दाबून बाहेर ओढायचा, धूळ आतच राहते. चिकट थर असेल तर साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं वापरा. मोटरवर पाणी किंवा स्प्रे अजिबात नको. पातं पुसताना खालून हाताचा आधार द्या. वाकलं की पंखा डुगडुगलाच. वर चढलाच आहात तर पात्यांचे स्क्रू आवळा, दांड्याचे नट-बोल्ट आणि पिनही बघा. हे बहुतेक जण विसरतात.

टेबल फॅनची जाळी काढून धुवा, पूर्ण सुकल्यावरच बसवा. पात्यापुढची टोपी बहुधा उलट्या आट्याची असते, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. उगाच जोर लावू नका.

साफ करूनही पंखा हळू फिरत असेल तर बऱ्याचदा कपॅसिटर (मोटरला फिरायला मदत करणारा छोटा भाग) थकलेला असतो. तो इलेक्ट्रिशियनकडूनच बदला, कारण वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो. जळका वास आला तर पंखा लगेच बंद.